नोकरी अंधेरीत, बिऱ्हाड बदलापुरात

पदवी परीक्षांचे निकाल लागले की चिपळूण, महाड, कणकवली, कराड, फलटण, चाळीसगाव अशा गावांतून तरुणांचा एक प्रवाह मुंबईच्या दिशेने वाहू लागतो. यात नवे काही नाही. शंभराहून अधिक वर्षे हे चालत आले आहे. बदलला आहे तो उतरण्याचा पत्ता. आजोबा परळ-लालबागला उतरले, नातू अंधेरी, घाटकोपर किंवा मुलुंडला उतरतो. ‘मुलगा मुंबईला लागला’ असे गावात सांगितले जात असले तरी ती नोकरी बहुधा मरोळ, सीप्झ, पवई, मालाड नाही तर विक्रोळीच्या एखाद्या कार्यालयात असते आणि फोर्ट-चर्चगेटचे दर्शन त्याला एखाद्या रविवारीच घडते. छोट्या गावातला पदवीधर महानगरात आला असे म्हणण्याची रीत आहे. प्रत्यक्षात तो येतो उपनगर नावाच्या एका मध्यम शहरात.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. २०११च्या जनगणनेत घाटकोपरचा कारभार पाहणाऱ्या महापालिकेच्या ‘एन’ विभागाची लोकसंख्या सव्वासहा लाखांच्या घरात होती; संपूर्ण कोल्हापूर शहराची साडेपाच लाख. बोरिवलीचा विभाग सांगली-मिरज-कुपवाडपेक्षा मोठा, तर मुलुंडचा जवळपास तेव्हाच्या अहमदनगर शहराएवढा. अंधेरी ज्यांत येते ते ‘के-पूर्व’ आणि ‘के-पश्चिम’ हे दोन विभाग एकत्र केले तर लोकसंख्या पंधरा लाखांच्या वर जाते, म्हणजे नाशिक शहराहून अधिक. ही उपनगरे मुंबईत सामील झाली तीही टप्प्याटप्प्याने. काही १९५० साली, तर बोरिवली-दहिसर आणि मुलुंडपर्यंतचा पट्टा १९५७ साली. १९९० मध्ये मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हाही झाला. एवढे असूनही नव्याने येणाऱ्या माणसाला पहिल्या रात्री पाठ टेकायला जागा कोठे मिळणार, या साध्या प्रश्नाबाबत कोल्हापूर वा नाशिक जे सहज करते ते घाटकोपर आणि अंधेरीला जमत नाही.

एके काळी मुंबईला ते जमत होते, आणि तेही बिनशिक्षित माणसासाठी. गिरणगावात गावोगावच्या मंडळींच्या खोल्या असत. एकेका खोलीत पंधरा-वीस गडी नांदत. पाळी संपवून आलेला झोपायचा तेव्हा दुसरा गिरणीच्या वाटेवर असायचा, त्यामुळे जागा पुरे. ट्रंक भिंतीशी, वळकटी खुंटीला आणि जेवण खानावळीत. या खानावळी चालवणाऱ्या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले, यावरून हा व्याप किती मोठा होता याची कल्पना यावी. त्या खोल्यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. बायका-मुले गावीच राहत, संसार मनिऑर्डरीवर चाले आणि आजारी पडलेल्याला गावच्या गाडीत बसवून देणे हाच पुष्कळदा उपचार असे. पण गावाहून येणाऱ्याकडे अनामत रक्कम कोणी मागत नसे. त्याची ओळख हीच त्याची अनामत होती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतरच्या पडझडीत गिरण्यांबरोबर मुंबईत पहिले पाऊल टेकवण्याची ही व्यवस्थाही मोडली. तिची जागा दुसऱ्या कशाने घेतलीच नाही.

मधल्या काळात एक पायरी होती. भांडुप-मुलुंडचे कारखाने, बँका, सरकारी व निमसरकारी कार्यालये यांतील कायम नोकरीच्या भरवशावर साठ ते ऐंशीच्या दशकांत आलेल्या पिढीने मुलुंड, बोरिवली, घाटकोपर, डोंबिवली येथे सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन केल्या. प्रॉव्हिडंट फंडातून उचल घेऊन, बायकोचे दागिने मोडून खोली-स्वयंपाकघर एवढी जागा घेतली. ती घेण्याआधीची काही वर्षे यांतल्या अनेकांनी मामाच्या, चुलत्याच्या, गाववाल्याच्या घरात बाल्कनीत झोपून काढली होती. गंमत म्हणावी की विपर्यास, आज याच संस्थांच्या कार्यकारिणीवर तीच पिढी किंवा तिची मुले आहेत, आणि ‘बॅचलरना जागा देऊ नये’ असा अलिखित दंडक जिने-लिफ्टजवळ उभे राहून ऐकवणारेही बहुधा तेच असतात.

घरमालकाच्या भीतीला मात्र इतिहास आहे आणि तो कायद्याचा आहे. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूला संरक्षण हवेच होते. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा अर्धशतक टिकला. मालकांनी यातून वाट काढली ती ‘लिव्ह अँड लायसन्स’ची. भाडेकरू नको, परवानाधारक ठेवू. तर १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत राहत असलेल्या परवानाधारकांनाही दुरुस्तीने भाडेकरूचा दर्जा मिळाला. ‘एकदा आत आलेला बाहेर जात नाही’ ही समजूत मुंबईच्या मध्यमवर्गात जी रुजली ती तेव्हापासून. भाडी अशी गोठवून ठेवणे काळाशी विसंगत व अवाजवी झाले आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये बजावले आणि पुढे १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. या कायद्यात मालकाच्या भीतीवर उतारा आहे. परवान्याची मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. करार लेखी आणि नोंदणीकृत असणेही बंधनकारक आहे; मुदत कितीही असो.

तरीही ‘अकरा महिने’ सुटत नाहीत. एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, या १९०८च्या नोंदणी कायद्यातील तरतुदीला बगल देण्यासाठी हा आकडा रूढ झाला. आता अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो, म्हणजे त्या आकड्याला अर्थ उरलेला नाही. उरली आहे ती सवय, आणि ती दलालाच्या सोयीची आहे. दर अकरा महिन्यांनी नवे घर, नवा करार आणि दलालीपोटी साधारण एका महिन्याचे भाडे. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाला पहिला पगार हाती येण्याआधीच अनेक महिन्यांच्या भाड्याएवढी अनामत, दलाली आणि पहिल्या महिन्याचे भाडे असा त्रिवार भुर्दंड भरावा लागतो. केंद्राने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित ठेवण्याची सूचना आहे. मात्र तो राज्यांसाठी नमुना आहे, बंधन नव्हे. त्यामुळे उपनगरात कोण टिकणार हे मुलाच्या गुणपत्रिकेपेक्षा वडिलांच्या मुदत ठेवीवर ठरते. शिक्षकाचा मुलगा कसाबसा टिकतो. शेतमजुराचा मुलगा तेवढेच गुण मिळवूनही पहिल्या दोन-तीन महिन्यांत परतण्याचा विचार करू लागतो. नोकरीच्या बाजारातली ही चाळणी कोणत्याही मुलाखतीत दिसत नाही.

संस्थांच्या दंडकाला तर कायद्याचा आधारही नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदस्याने सदनिका परवान्यावर देण्यापूर्वी संस्थेला कळवायचे असते. अविवाहितांना जागा देऊ नये असे त्यांत कोठेही म्हटलेले नाही. बिनभोगवटा शुल्कही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक घेता येत नाही. पण उपविधी दाखवून भांडायला नवख्या मुलाकडे वेळ कोठला? जात, धर्म, आहार, आडनाव यांची चौकशी त्याच दारात होते. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी महिलेला मराठी असल्याच्या कारणावरून कार्यालयासाठी जागा नाकारण्यात आली. त्या प्रकाराची चित्रफीत राज्यभर गाजली, गुन्हा नोंदला गेला, नेत्यांच्या भेटी झाल्या. जी नकारघंटा मराठी माणसाला त्या दिवशी ऐकू आली ती मुसलमान आणि दलित तरुणांच्या कानी नेहमीच पडत आली आहे, याची चर्चा त्या गदारोळात फारशी झाली नाही. मुलींची अडचण आणखी निराळी. त्यांना जागा देताना ‘मुली बऱ्या’ म्हणून थोडी उदारता दाखवली जाते, पण रात्री साडेनऊनंतर दार बंद, ही अटही त्याच श्वासात येते. ज्यांच्या नोकऱ्या परदेशी वेळापत्रकावर चालतात त्यांनी काय करायचे?

जागाच नाहीत असे म्हणावे तर आकडे वेगळे सांगतात. २०११च्या जनगणनेच्या आधारे २०१७-१८च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने दाखवून दिले की देशातील महानगरांत सर्वाधिक रिकामी घरे मुंबईत आहेत, सुमारे ४ लाख ८० हजार. देशातील शहरांमध्ये भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होते, ते २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आले, हेही त्याच पाहणीत नमूद आहे. घर ही राहण्याची वस्तू न राहता पैसे ठेवण्याची तिजोरी झाली. तिजोरीत कोणी भाडेकरू ठेवत नाही.

याचा परिणाम २०११च्याच आकड्यांत दिसतो. आधीच्या दहा वर्षांत बृहन्मुंबईची लोकसंख्या जेमतेम चार टक्क्यांनी वाढली. मूळ मुंबई शहर जिल्ह्याची तर घटली. त्याच काळात तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी फुगला. पिंपरी-चिंचवड दहा लाखांवरून सव्वासतरा लाखांवर गेले. माणसे यायची थांबली नव्हती. ती फक्त मुंबईच्या वेशीबाहेर राहू लागली. वसई-विरार, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर ही खरी बिऱ्हाडाची गावे झाली. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यावर बदलापूरहून घाटकोपर आणि तेथून अंधेरी हा प्रवास सुसह्य झाला यात शंका नाही. मात्र घाटकोपर स्थानकाच्या पुलावर संध्याकाळी जी गर्दी कोंडते ती पाहिली की मेट्रोने दोन उपनगरे जोडली, माणसाचे घर आणि काम जवळ आणले नाही, हे लक्षात येते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन लोकल गाड्यांच्या दारांत लटकणारे प्रवासी एकमेकांवर आदळून रुळांवर पडले आणि त्यांतील काहींचा जीव गेला. त्यानंतर चर्चा झाली ती आपोआप बंद होणाऱ्या दरवाजांची. ती आवश्यक आहेच. इतकी माणसे रोज इतक्या दूरवरून का येतात, हा प्रश्न रेल्वेने सोडवायचा नसल्याने तो कोणीच विचारला नाही.

पुण्याने या बाबतीत अधिक शहाणपण दाखवले, तेही ठरवून नव्हे. पेठांतील वाड्यांत शिकायला आलेल्या मुलांना ‘कॉट बेसिस’वर ठेवण्याची जुनी रीत होती. हिंजवडी-खराडीच्या कंपन्या आल्यावर त्या रीतीचा विस्तार झाला, मेस आणि डबेवाल्या मावशी आपसूक उभ्या राहिल्या. कराड-फलटणचा मुलगा आज मुंबईपेक्षा पुणे पसंत करतो त्यामागे घराची जवळीक हे कारण आहेच, पण पहिल्या आठवड्यात कॉट मिळते हेही तितकेच खरे. पुणेही आता महागले आहे आणि हिंजवडीची वाहतूक कोंडी मुंबईकरालाही थक्क करते, हा भाग अलाहिदा.

सरकारला हे ठाऊक नव्हते असे नाही. एमएमआरडीएने २००८ मध्ये भाडेतत्त्वावरील घरांची योजना आणली. विकासकाला जादा चटईक्षेत्र द्यायचे आणि त्या बदल्यात १६० चौरस फुटांच्या छोट्या खोल्या घेऊन त्या भाड्याने द्यायच्या, अशी ती कल्पना. जागा निवडताना पनवेल, ठाण्याकडचे टोक गाठले गेले; नोकऱ्या जेथे आहेत त्या अंधेरी-घाटकोपरला तिचा उपयोग नव्हता. पुढे योजनेचा हेतूच बदलला. पनवेलजवळच्या कोन येथील अशा २,४१७ घरांची सोडत २०१६ मध्ये गिरणी कामगारांसाठी निघाली. दोन-दोन खोल्या जोडून ती मालकी हक्काने देण्यात आली. गिरणी कामगारांना घरे मिळालीच पाहिजेत. पण एका पिढीचे देणे फेडण्यासाठी दुसऱ्या पिढीच्या खोल्या वापरल्या गेल्या, हे विसरता येणार नाही. मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘माझे घर, माझा अधिकार’ हे नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. २०३० पर्यंत ३५ लाख घरे हे त्याचे उद्दिष्ट आहे. नोकरदार महिला, विद्यार्थी, औद्योगिक कामगार यांच्या निवासाचा विचारही त्यात आहे. पण धोरणाच्या नावातच ‘माझे घर’ आहे. बावीस वर्षांच्या मुलाला माझे घर नको आहे. त्याला तीन-चार वर्षांसाठी कोणाचे तरी घर हवे आहे.

संधी अजूनही आहे आणि ती उपनगरांतच आहे. घाटकोपरचे पंतनगर, विक्रोळीचे कन्नमवारनगर, अंधेरीचे डी. एन. नगर या म्हाडाच्या जुन्या वसाहती पाडून तेथे मनोरे उभे राहत आहेत. या पुनर्विकासात म्हाडाला घरांच्या रूपाने अथवा अधिमूल्याच्या रूपाने वाटा मिळतो. मिळालेली घरे सोडतीत विकली जातात, अधिमूल्य तिजोरीत जाते. सोडतीत अर्ज करायला चिपळूणच्या मुलाकडे अधिवासाचा दाखला असतो. कर्ज मंजूर होण्याइतकी नोकरी मात्र अजून झालेली नसते. या वाट्यातील दहापैकी एक घर न विकता म्हाडाने स्वतःकडे ठेवले, चार-चार पलंग टाकून नोकरीच्या पहिल्या तीन वर्षांपुरते भाड्याने दिले आणि मुदत संपताच पुढच्याला दिले, तर नव्या जमिनीचा एक तुकडाही लागणार नाही. व्यवस्थापनाची कटकट वाढेल, हे खरे. म्हाडाचे अधिकारी नेमके तेच कारण पुढे करतील.