प्रायश्चित्त की वारसा?

खालेद हुसैनी यांच्या ‘द काइट रनर’ (२००३) या कादंबरीचे वाचन बहुधा अपराध आणि प्रायश्चित्त याच चौकटीत केले जाते. भित्रा मुलगा, पश्चात्तापाने पोळलेला प्रौढ आणि अखेरीस गवसलेले धैर्य, असा हा सोयीचा आलेख आहे. या वाचनाला आमचा स्पष्ट विरोध आहे.

मुळात अमीरच्या वर्तनाला भ्याडपणा म्हणणे अपुरे आहे. १९७५ च्या हिवाळ्यात काबूलच्या एका गल्लीत हसनवर अत्याचार होत असताना तो पळून जातो, ते केवळ भीतीपोटी नव्हे. हसनने मिळवलेला निळा पतंग त्याला वडिलांपुढे ठेवायचा आहे. बाबांना जिंकायचे तर हसन ही त्याची किंमत आहे आणि हसन शेवटी हजारा आहे, हा विचार मनात आल्याचे निवेदक स्वतःच कबूल करतो. भीतीच्या आड येथे व्यवहार आहे. आणि तो शक्य होतो पश्तून मालक व हजारा नोकर या उतरंडीमुळे.

इतके निर्भीडपणे सांगणारी कादंबरी पुढे मात्र कच खाते. २००१ मध्ये पेशावरला रहीम खान हसनच्या अनाथ मुलाला, सोहराबला, काबूलहून आणण्याची गळ घालतो, तेव्हा अमीर टाळाटाळ करतो. पैसे देऊन दुसऱ्या कोणाला पाठवता येईल, असे सुचवतो. हसन हा बाबांचाच मुलगा होता, हे कळल्यानंतरच तो निघतो. नोकराच्या नातवाचे ऋण नाकारता येते, पुतण्याचे नाही! पुढे सासरा सोहराबचा हजारा असा उल्लेख करतो तेव्हा अमीर त्याला खडसावतो खरा. पण तेथेही आधार रक्ताच्या नात्याचाच.

या गौप्यस्फोटाने आणखी एक गोष्ट साधते. बाबांनीही अलीचा विश्वासघात केला होता आणि अमीरविषयीचा त्यांचा दुरावा त्या अपराधभावातूनच आला होता, असे उघड होते. ज्या मान्यतेसाठी अमीर बालपणभर झुरला, ती त्याला अशी अपराधाच्या वारशातून मिळते. तो अखेर बापासारखाच निघतो.

निवेदक आत्मपरीक्षण करतो, म्हणून कादंबरी त्याच्याकडे चिकित्सकपणे पाहते, असा बचाव केला जाईल. परंतु लिहायला शिकलेल्या हसनचे पत्र अमीरच्या हाती पडते, तेव्हा हसन मारला गेलेला असतो. क्षमा करण्याचा वा नाकारण्याचा अधिकार ज्याचा, त्यालाच संहितेने आधी दूर केले आहे. याला प्रायश्चित्त म्हणणाऱ्या समीक्षेने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हसन खरोखरच अलीचा मुलगा असता, तर सोहराबला आणायला कोण गेले असते?