जुन्या इंजिनाच्या जागी मोटर

माहीमच्या एका बागायतदार वाचकाचे पत्र आले आहे. वडिलांच्या वेळचे डिझेल इंजिन हॅण्डल मारमारून खांदा निखळला तरी आता धरत नाही. पंप मात्र शाबूत आहे. तेव्हा इंजिन उतरवून त्याच पंपाला मोटर जोडायची आणि ती घरबसल्या मोबाईलवरून चालू-बंद करायची, असा त्यांचा बेत आहे. जमेल का, असे ते विचारतात.

जमेल. पण घाई करू नका.

आधी पट्ट्याचा हिशेब करा, कारण पुष्कळांची मोटर जळते ती इथेच. जुनी इंजिने संथ चालतात. समजा, तुमचे इंजिन मिनिटाला ६५० फेरे घेते, त्याचे चाक १४ इंची आणि पंपाचे ६ इंची आहे. म्हणजे पंप साधारण १५०० फेऱ्यांनी फिरतो. मोटर सहसा १४४० फेऱ्यांची असते. मिस्त्रीने इंजिनाचे तेच चाक मोटरला बसवले, तर पंप ३३०० च्या वर फिरेल. फेरे दुप्पट झाले की ताकद दुप्पट नव्हे, आठपट लागते! पाच हॉर्सपॉवरची मोटर ती कुठून आणणार? म्हणून मोटरला पंपाएवढेच चाक लावा, नाहीतर पट्टा काढून टाका आणि सरळ कपलिंग करा. कपलिंग करताना दोन्ही दांडे एका ओळीत आणायला मिस्त्रीला अर्धा दिवस लागला तरी लागू द्या. थोडी तिरपी बसली की बेअरिंग गेलेच म्हणा.

दुसरे, मोटर उलटी फिरत नाही ना, हे पंपात पाणी भरून क्षणभर चालवून पाहा. पंपावर बाणाची खूण असते. उलटी फिरली तर तीन वायरींपैकी कोणत्याही दोन अदलाबदल केल्या की झाले. हे काम वायरमनचे आहे, आपले नव्हे. अर्थिंगही त्याच्याकडूनच करून घ्या. विहिरीवरची ओल आणि वीज यांचे सूत कधी जमलेले नाही.

आता मोबाईलचे. ही पेटी स्टार्टरला जोडतात, आत सिमकार्ड असते. फोन लावला की ती स्टार्टर दाबते, तीन फेजपैकी एक गेली किंवा पंपात पाणी नसले तर मोटर बंद करते. ही कल्पना आपल्याकडचीच. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी अशी पेटी 'नॅनो गणेश' या नावाने केली आणि २००९ साली नोकिया कंपनीच्या स्पर्धेत तिला पारितोषिक मिळाले. मूळ दुखणे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. १९६९ साली तारापूरला देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले, तरी शेतीपंपाची वीज पुष्कळ ठिकाणी अजून पाळीनेच येते, आणि रात्रीची पाळी आली की विंचू-काट्याच्या वाटेने बॅटरी घेऊन माणूस विहिरीवर जातो. ती फेरी या पेटीने वाचते. वीज आली की आपोआप मोटर चालू करणारा ऑटोस्विच मात्र लावू नका. साऱ्या शिवारातल्या मोटरी एकाच क्षणी उठतात आणि ट्रान्स्फॉर्मर बसतो. मग आठवडाभर सगळेच कोरडे.

इतके झाल्यावर आमच्या वाडीतली गोष्ट सांगतो. आम्हीही असेच केले होते. पेटीचा नंबर घरात तिघांच्या फोनमध्ये. पुतण्या बोईसरला कारखान्यात पाळीवर असतो. दुपारच्या सुटीत त्याला वाडी शिंपायची आठवण झाली, त्याने फोन लावला. त्या वेळी आमचे दादा विहिरीतल्या ओट्यावर बसून पंपाचे ग्लँड आवळत होते. मेन स्विच त्यांनी पाडला नव्हता. मोटर बंदच तर आहे, मग कशाला वर चढा? मोटर उठली. दादांच्या खांद्यावरचा पंचा कपलिंगने ओढून नेला आणि त्याच्या चिंध्या केल्या. नखासकट बोटाचे कातडे गेले, तेवढ्यावर निभावले. पंचा खांद्यावर मोकळा होता. थंडीच्या दिवसांत ते तो गळ्याला गुंडाळतात.

पुतण्याची काय चूक? फोनला विहिरीत कोण बसले आहे ते दिसत नाही. थंड मुलुखात लोक अंगणातला बर्फ उडवायला यंत्रे वापरतात, आणि हौशी माणसे तसल्या जुन्या यंत्रांनाही मोटर, बॅटरी लावून लांबून चालवतात. तिथेही बोटे जातात ती अडकलेला बर्फ हाताने काढायला गेलेल्यांची.

आम्ही त्याच दिवशी कपलिंगवर पत्र्याचे झाकण ठोकले. विहिरीत उतरणाऱ्याने मेन स्विच पाडायचा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घालायचे आणि वर आल्यावरच लावायचे, असे ठरले. बायकामुलांनाही ते सांगितले आहे. नंबर आता दोघांकडेच आहे आणि फोन लावण्याआधी वाडीवर विचारायचे, हा नियम.

राहिले पाण्याचे. इंजिन होते तेव्हा डिझेल संपले की उपसा थांबायचा, माणूसही कंटाळायचा. मोबाईल कंटाळत नाही. आपल्या माहीम-केळव्याच्या पट्ट्यात समुद्र हाकेवर. जमिनीतले गोडे पाणी हलके, ते खाऱ्यावर तरंगत असते. गोड्याची पातळी एक फूट उतरली तर खालचे खारे पाणी, शास्त्राच्या हिशेबाने, चाळीस फुटांपर्यंत वर सरकू शकते. नारळ मचूळ पाणी थोडेफार सोसेल, पानवेल सोसणार नाही. म्हणून एका दमात चार तास उपसण्यापेक्षा तासभर चालवा, विहीर भरू द्या, मग पुन्हा. बऱ्याच पेट्यांत वेळ लावण्याची सोय असते. पेटी घेताना ती आहे का ते विचारा. आणि एप्रिल-मे महिन्यांत पाणी जिभेला लावून बघत जा.

पत्र लिहिणाऱ्या वाचकांनी इंजिनाच्या पाटीवरचे फेरे, दोन्ही चाकांची मापे आणि उन्हाळ्यात पंपापासून पाणी किती फूट खाली जाते, एवढे कळवावे. मोटर किती हॉर्सपॉवरची घ्यायची, ते त्यावरून सांगता येईल.