विश्लेषण : १०० रुपयांच्या पैजेवर ४० रुपये कर, रेसकोर्सचे गणित का बिघडले?

महालक्ष्मी रेसकोर्सचा विषय निघाला की चर्चा जमिनीवर जाते. थीम पार्क होणार का, कुणाला किती एकर मिळणार? शर्यती चालतात कशावर, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही.

पैसा येतो कुठून?

क्लबची मुख्य भिस्त पैजांवर असते. टोट पद्धतीत सगळ्यांचे पैसे एकत्र जमा होतात, क्लब त्यातून कमिशन कापतो आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांना वाटली जाते. ट्रॅकची देखभाल, पगार, बक्षिसे यांना आधार या कमिशनचाच. बक्षिसे आटली की घोडामालक हात आखडता घेतो आणि त्याची झळ ट्रेनर, जॉकीपासून मोतद्दारापर्यंत पोहोचते.

मग अडचण काय?

समजा, १०० रुपयांच्या पैजेत क्लबचे कमिशन १० रुपये आहे. कमिशनवर ४० टक्के जीएसटी लावला तर कर होतो ४ रुपये. पण तो लागतो पूर्ण १०० रुपयांवर, म्हणजे ४० रुपये. क्लबच्या कमाईच्या चौपट! कर कमिशनवरच घ्यावा, असे कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले होते. मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यातच बदल झाला आणि पूर्ण रकमेवर २८ टक्के कर पक्का झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे.

जुगाराच्या नादावर जबर कर हवा, हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. (सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ ठरवले, ते वेगळे.) पण नाद सुटत नाही, फक्त खिडकी बदलते. फोनवरच्या बेकायदा बुकीकडे ना जीएसटी, ना पावती. तिथून सरकारच्या तिजोरीतही काही येत नाही.

क्लबही धुतल्या तांदळाचे नाहीत

महालक्ष्मीचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला. पुढची व्यवस्था ठरायला दशक उलटले आणि त्यात १२० एकर जागा पार्कसाठी महापालिकेकडे गेली. क्लबकडे सुमारे ९१ एकर उरली, तीही २०५३ पर्यंत. चेन्नईत तर गिंडीच्या सुमारे १६० एकर सरकारी जमिनीच्या भाड्याचा वाद वर्षानुवर्षे कोर्टात रेंगाळला. सप्टेंबर २०२४ मध्ये तमिळनाडू सरकारने भाडेपट्टा रद्द करून जागेला सील ठोकले, तेव्हा घोडे तबेल्यातच होते.