पाठलागाचा अधिकार कोणाचा?

तंजावर म्हटले की मराठी वाचकाला सरस्वती महाल ग्रंथालय आठवते आणि बृहदीश्वराच्या भिंतीवरील मराठी शिलालेख. त्याच तंजावरहून तिरुचिरापल्लीला जाणाऱ्या महामार्गावर ७ मार्च २०१८ रोजी जे घडले, त्याची आठवण मात्र आपल्याकडे फारशी कोणी ठेवलेली नाही.

तंजावर जिल्ह्यातील पापनाशम तालुक्याचे एक दाम्पत्य दुचाकीवरून निघाले होते. वाटेत हेल्मेटची तपासणी चालू होती. पती थांबला नाही. वाहतूक पोलीस निरीक्षकाने दुचाकीवरून पाठलाग केला आणि त्यांच्या गाडीला लाथ मारली, असा आरोप आहे. मागे बसलेली पत्नी कोसळली व मरण पावली. संतप्त हजारोंनी महामार्ग रोखला, पोलिसांनी लाठ्या चालविल्या. निरीक्षकाला अटक झाली आणि मुख्यमंत्री पळनीस्वामी यांनी ७ लाखांची मदत जाहीर केली. हेल्मेट न घालण्याचा पहिल्या गुन्ह्याचा दंड तेव्हा होता १०० रुपयांपर्यंत!

पोलिसांची बाजू अगदीच पोकळ नाही. गणवेशातील अधिकाऱ्याने हात दाखविल्यावर थांबणे हे मोटार वाहन कायद्याने बंधनकारक आहे, आणि पळणाऱ्याला सोडून द्यायचे ठरले तर तपासणीला अर्थ काय उरला, असा प्रश्न कोणताही हवालदार विचारील. त्याचे उत्तर वाहनाच्या नंबरपाटीवर लिहिलेले असते. माणूस पळाला तरी क्रमांक पळत नाही. दंडाचे चलन दुसऱ्या दिवशीही घरी पोहोचते. पाटी खोटी असू शकते, हे खरे. पण केवळ त्या शंकेवर भर रहदारीत कोणाला पाडता येत नाही.

कायद्यानेही ही मर्यादा फार पूर्वीच आखली आहे. अटकेसाठी आवश्यक ते सर्व उपाय योजण्याची मुभा देतानाच, ज्याच्यावर मृत्युदंड वा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही त्याचा मृत्यू घडविण्याचा अधिकार पोलिसांना नाही, असे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४६ सांगत होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ मध्येही तेच आहे. हेल्मेटच्या प्रकरणात तर अटकेचाच प्रश्न येत नाही.

अपहरणकर्ता वा सशस्त्र दरोडेखोर पळत असेल, तर गोष्ट वेगळी. तिथेही मागून धावणे हाच मार्ग असतो असे नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कसाबची मोटार गिरगाव चौपाटीवर अडली ती बिनतारी संदेशामुळे. संदेश गाडीच्या पुढे गेला आणि नाकाबंदी आधीच उभी होती. तुकाराम ओंबळे यांच्या शौर्याविषयी आपण पुष्कळ बोलतो, त्या व्यवस्थेविषयी थोडे कमी बोलतो.

म्हणून गृहखात्यांनी ठरवायचे ते इतकेच : कोणत्या गुन्ह्यासाठी पाठलाग करायचा, तो थांबविण्याचा आदेश कोणी द्यायचा, आणि वाहनात दुसरे कोणी बसलेले दिसले तर काय करायचे. हे लेखी असावे व रस्त्यावरच्या शेवटच्या शिपायापर्यंत पोहोचावे. त्या दिवशी मागच्या आसनावर बसलेल्या स्त्रीच्या हाती गाडी थांबविणे नव्हतेच.