आरोग्याच्या चार गोष्टी : चेहऱ्याचा घाम
मंडळी, थंडीतही कपाळावरून घाम ठिबकतो, अशी तक्रार आम्ही पुष्कळ ऐकतो. आधी साखर, थायरॉइड आणि चालू औषधे डॉक्टरांकडून तपासून घ्या.

मग उपाय. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड स्वस्त, पण कातडी चुरचुरते. डोळ्यांत जाऊ देऊ नका. बोटॉक्सची इंजेक्शने काही महिने पुरतात. २००४ साली एफडीएने मंजुरी दिली ती मात्र काखेच्या घामासाठी. ऑक्सिब्युटिनिनच्या गोळीने तोंड सुकते, लघवी अडते, म्हातारपणी भ्रमही होतो; म्हणून आम्हा वयस्करांनी जपावे. ऑपरेशननंतर पुष्कळदा घाम पाठीपोटावर वाढतो, मग मागे फिरता येत नाही.

आणि मुलांनो, आजी-आजोबांना अचानक गार घाम फुटला, छातीत दुखू लागले, तर वाट बघू नका. लगेच आपत्कालीन क्रमांक लावा!