गोटमारीचा एक दिवस आणि उरलेले तीनशे चौसष्ट

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पत्रकार येतात. नागपूरचे येतात, भोपाळचे येतात, गळ्यात कॅमेरे अडकवून जाम नदीकाठच्या माड्यांवर चढतात. नदीच्या मधोमध सावरगावकरांनी रोवलेलं पळसाचं झाड, त्याला झेंडा. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव आणि मध्ये दगडांचा पाऊस. दुसऱ्या दिवशी किती डोकी फुटली त्याचा आकडा छापून येतो. १९५५ पासूनचा हिशेब धरला तर डझनभराहून अधिक माणसं या जत्रेत गेली. २००१ साली प्रशासनानं रबरी चेंडू आणून दिले, तर खेळणाऱ्यांनी ते बाजूला सारले आणि दगडच उचलले. मग लेख येतात: ही रानटी परंपरा, हे दारूडे लोक, बंद करा एकदाचं.

दारूचं खरं आहे, नाकारत नाही. दुकानं बंद ठेवायचा हुकूम निघतो, तोवर ज्याला प्यायची त्यानं बाटली घरात आणून ठेवलेली असते. दगड लागला तरी दुखत नाही, असं पिणारेच सांगतात. पण माझं भांडण वेगळं आहे. या एका दिवसाच्या आड आपण सगळे लपलो आहोत, पत्रकार, पुढारी, मास्तर आणि मीसुद्धा. गोटमारीचे जखमी मोजले जातात. नदीकाठी तंबू ठोकतात, डॉक्टर बसतात, अॅम्ब्युलन्स उभ्या असतात, फुटलेलं डोकं पाच मिनिटांत शिवलं जातं. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस याच गावांत दारूनं माणसं जातात, त्यांची मोजदाद कोण ठेवतो?

मी एक मोजलेला आहे. सौंसरकडच्या एका खेड्यातला माझा चुलतभाऊ, आमचा दादा. संत्र्याच्या बागेत राबणारा, हातात कला असलेला माणूस. कलम बांधावं तर त्यानंच. सुरुवात बागेतल्या थकव्यावर मोहाच्या दारूनं झाली आणि शेवटी सकाळी उठल्याबरोबर घोट घेतल्याशिवाय हात थांबेनात. २००९ च्या पोळ्याला गावकऱ्यांनी त्याला देवळात नेलं, गळ्यात माळ घातली, शपथ दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. दादा शब्दाचा पक्का निघाला, थेंब घेतला नाही. तिसऱ्या रात्री वहिनीचा निरोप आला म्हणून गेलो, तर ती दारातच म्हणाली, "भाऊजी, हे भिंतीवरच्या मुंग्या झाडून राहिले न् मुंगी तं एकबी नाही." दादा घामानं निथळत होता, अंग थरथरत होतं, मला ओळखत नव्हता. जमलेल्यांनी ठरवलं, बाहेरची बाधा आहे. लिंबू आलं, अंगारा आला. पहाटे फिट आली, ती शेवटची.

पुढे नागपूरच्या एका डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं, तेव्हा मी टाळ्या वाजवलेले हात बघत बसलो. रोज भरपूर पिणाऱ्याच्या मेंदूला दारू दाबून ठेवते आणि मेंदू त्या दाबाशी झुंजत राहतो. दाब एकाएकी काढला की तो उसळतो. काही तासांत हात कापू लागतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नसलेल्या गोष्टी दिसतात, फिट येते, आणि उपचार नसला तर माणूस जाऊ शकतो. त्यावर औषध आहे. शांत करणाऱ्या गोळ्या काही दिवस देऊन हळूहळू कमी करायच्या, बी-वन जीवनसत्त्वाची सुई द्यायची, लक्ष ठेवायचं. आठवड्याभराचं काम. दादा दारूनं गेला असं गाव म्हणतं. मी म्हणतो, तो शपथ पाळल्यानं गेला.

इथे कुणीतरी म्हणेल, तुम्ही देवाधर्माच्या विरुद्ध आहात. नाही हो. जामसावळीच्या निजलेल्या मारुतीला मीही जातो. दुखणाईत माणसाला घेऊन आलेली, डोळ्यांत पाणी असलेली कुटुंबं तिथं बघतो आणि त्यांची थट्टा करायची माझी छाती नाही. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात दवा आणि दुवा एकत्र ठेवून दाखवलं आहे. मुजावर धागा बांधतो आणि त्याच माणसाला आवारातल्या मनोविकाराच्या डॉक्टरकडे पाठवतो. जे दर्ग्यात जमतं ते मारुतीच्या अंगणात का जमू नये? माळ घालणाऱ्यानं आधी एकच प्रश्न विचारावा, "सकाळी हात कापतात का रे?" कापत असतील तर आधी दवाखाना, मग माळ.

आणि सरकार? त्याला बंदी फार आवडते, कारण बंदी एका कागदावर होते. शेजारच्या मुलताईत, तापीच्या उगमाशी, १ एप्रिल २०२५ पासून दुकानं बंद आहेत. मध्य प्रदेशातल्या १९ तीर्थांच्या यादीत तिचं नाव आलं. त्याआधी १ एप्रिल २०२३ ला राज्यभरचे अहाते बंद झाले. दुकानाशेजारी बसून पिणारा उठला आणि शेताच्या धुऱ्यावर जाऊन बसला, एवढाच काय तो फरक मला दिसला. पलीकडे वर्धा जिल्हा १९७४ पासून कोरडा. तिथं दारू मिळत नाही असं म्हणणारा वर्धेकर मला अजून भेटायचा आहे. मी बंदीचा शत्रू नाही. ज्या गावच्या बायका रस्त्यावर उतरून दुकान हटवतात त्यांना माझा नमस्कार. पण दुकान उठलं त्याच दिवशी गावातल्या जुन्या पिणाऱ्याला गोळी कोण देणार, हे त्या हुकुमाच्या कागदावर कुठं लिहिलेलं असतं?

२०१९ साली केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सनं केलेली देशभराची पाहणी प्रसिद्ध झाली. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांतल्या एकालाच कसलातरी उपचार मिळतो, असं त्यात निघालं. उरलेले सदतीस शपथेवर आहेत, नाहीतर बायकोच्या शिव्यांवर.

मराठी माणसाला हे नवीन सांगायला नको. गाडगेबाबांचे वडील झिंगराजी दारूपायीच गेले आणि ते पोर पुढे आयुष्यभर कीर्तनातून दारूवर तुटून पडलं. तुकडोजी महाराजांची भजनं आमच्या खेड्यांत आजही होतात. पुण्यात १९८६ साली सुनंदा आणि अनिल अवचटांनी, पु. लं.च्या देणगीच्या बळावर, मुक्तांगण उभं केलं. तिथं पिणाऱ्यावर उपचार होतो, त्याच्या बायकोशीही बोलतात आणि घरी गेल्यावर पाठपुरावा ठेवतात. कारण पुन्हा घसरणं हा या आजाराचा भाग आहे, बेइमानी नव्हे. पण पुणं आमच्यापासून अख्ख्या महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला. सीमेवरचा मराठी माणूस साहित्य संमेलनाच्या ठरावात असतो, उपचाराच्या यादीत नसतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून जिल्हा झाला. फटाके फुटले, पेढे वाटले गेले. छिंदवाड्याच्या फेऱ्या वाचल्या, चांगलंच झालं. आता या जिल्ह्याच्या पुढाऱ्यांना माझं उघड विचारणं आहे. गोटमारीच्या दिवशी तुम्ही नदीकाठी दवाखाना उभा करू शकता, म्हणजे डॉक्टर मिळतात, गाड्या मिळतात, पैसा मिळतो. मग दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी जिल्ह्याच्या रुग्णालयात पाच खाटा बारा महिने राखून ठेवा. आठवड्यातून एक दिवस मनोविकाराचा डॉक्टर सौंसरला बसवा. आशाताईंना हात कापण्याचा अर्थ शिकवा. विकलेल्या प्रत्येक बाटलीमागे सरकार कर घेतं, त्यातलाच मागतो आहे, पदरचा नाही.

वहिनीचा मुलगा यंदा गोटमारीत होता. कपाळाला चार टाके पडले. टाके घालताना मी शेजारी उभा होतो, त्याच्या तोंडाला वास येत होता. डॉक्टरांनी जखम पुसली, पट्टी बांधली, पुढचा म्हणाले. मी संध्याकाळी त्याला नदीपासून लांब नेऊन बसवलं आणि विचारलं, "सकाळी हात कापते का रे?"

तो बराच वेळ खाली बघत राहिला. मग म्हणाला, "काका, कधी कधी."

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही दोघं नागपूरच्या गाडीत बसलो. माळ घातलेली नाही, शपथ घेतलेली नाही. गोळ्या चालू आहेत. भाऊबीज झाली की पुढची तारीख आहे.