जुना रिसीव्हर थेट प्लगला लावू नका



‘माळ्यावरचा रिसीव्हर काढा, पुसा आणि ऐका’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सल्ला धोक्याचा आहे. मॅरँट्झ २२७० सारख्या १९७०च्या दशकातल्या स्टिरिओ सेटमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर एव्हाना सुकलेले, गळलेले असू शकतात. अमेरिकेतून आणलेला सेट १२० व्होल्टचा असेल, तर आपल्या २३० व्होल्टसाठी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. पहिल्यांदा सेट स्पीकर न जोडता, फिलामेंट बल्बच्या सिरीज बोर्डावर लावावा. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. प्रखरच राहिला तर आत शॉर्ट समजावा. उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपियरचा घालू नये. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये विद्युतभार टिकतो. म्हणून वाचकांना कळकळीची विनंती : झाकण जाणकार कारागिरालाच उघडू द्या.

— एक वाचक, पुणे